बोट कुठे ठेवायचं? मेंदूची रचना शिकवताना एका वर्गात काय घडलं

वर्ग पदवीच्या दुसऱ्या वर्षाचा, विषय मानसशास्त्र, पेपर जैविक मानसशास्त्राचा आणि प्रकरण मेंदूच्या रचनेचं. बहुतेक मुलांनी शाळा संपल्यावर जीवशास्त्राशी संबंध तोडला होता. माणसांविषयी कुतूहल होतं म्हणून त्यांनी हा विषय घेतला, आणि दुसऱ्याच महिन्यात समोर ग्रीक-लॅटिन नावांची भलीमोठी रांग येऊन उभी राहिली. विभागात जतन केलेला खरा मेंदू नव्हता. प्लॅस्टिकचं एक मॉडेल होतं, पण त्याचा डावा टेम्पोरल लोब, म्हणजे कानाजवळचा मोठा भाग, कधीचाच निखळून हरवला होता. म्हणजे शिकवायचं ते फळा, पुस्तकातली आकृती आणि माझे हातवारे यांच्या जोरावर.

अडचण आहे हे सुरुवातीला माझ्या लक्षातच आलं नाही, कारण मुलांना गुण चांगले पडत होते. आकृतीला नावं देण्याची चाचणी घेतली तर जवळजवळ सगळ्यांची उत्तरं बरोबर. मग एका तासाला, वेळ उरला होता म्हणून, आठवणी साठवण्यात ज्याचा मोठा वाटा असतो त्या हिप्पोकॅम्पसबद्दल मी म्हणाले, "पुस्तकं मिटा. हिप्पोकॅम्पस कुठे आहे ते स्वतःच्या डोक्यावर बोट ठेवून दाखवा."

बोटं कपाळावर गेली, टाळूवर गेली, मानेच्या खळग्यात गेली. एकाने टाळूवर बोट ठेवून वर सांगितलं, "इथून आत, खूप खोल, मॅडम." तसं पाहिलं तर डोक्यावर कुठेही बोट ठेवून हे वाक्य म्हणता येतं.

दुसऱ्या दिवशी मी तीच पुस्तकातली आकृती आरशातल्यासारखी उलटी करून दिली, चेहरा उजवीकडे केलेली. वर्गातल्या बऱ्याच जणांनी पुढच्या फ्राँटल लोबच्या जागी मागचा ऑक्सिपिटल लिहिला आणि ऑक्सिपिटलच्या जागी फ्राँटल. त्यांच्या लेखी फ्राँटल लोब म्हणजे पानाची डावी बाजू होती. बहुतेक पुस्तकांत मेंदू डावीकडेच तोंड करून बसलेला असतो, त्यात मुलांचा काय दोष? त्यांनी चित्र पाठ केलं होतं आणि मी त्याच चित्राची परीक्षा घेत होते.

नंतरच्या काही आठवड्यांत या वर्गात जे उद्योग केले, त्यांतले काही चालले आणि काही माझ्यावरच उलटले. ते झाले त्याच क्रमाने सांगते.

क्लेचा पहिला दिवस

सर्जनशील शिकवणं म्हटलं की सगळ्यांच्या मनात पहिल्यांदा येतो तो क्ले. माझ्याही आला. गट पाडले, रंगीत क्ले वाटला, "मेंदू बनवा" म्हणाले. दोन तास वर्गात कमालीचं चैतन्य होतं. फोटो निघाले. चार लोब चार रंगांत, वर सुरेख वळ्या, मागे लहान मेंदूची एक गोळी चिकटवलेली.

त्यातल्या एकाही मेंदूच्या आत काही नव्हतं. बाहेरून चार रंग आणि आत क्लेचा एकच गोळा. पुस्तकातल्या आकृतीचंच फुगवलेलं रूप. एका गटाने मात्र हिप्पोकॅम्पस बनवला होता. नावाचा अर्थ समुद्रघोडा हे मीच उत्साहाने सांगितलं होतं, म्हणून त्यांनी डोळे, शेपूट आणि आयाळीसकट समुद्रघोडा करून मेंदूच्या शेजारी उभा केला होता.

नावांचे अर्थ सांगणं वाईट नाही. अमिग्डाला म्हणजे बदाम, कॉर्टेक्स म्हणजे झाडाची साल, पॉन्स म्हणजे पूल, थॅलॅमस म्हणजे आतली खोली, हे ऐकल्यावर नावं परकी वाटेनाशी होतात. पण ती मदत नावापुरतीच. शब्दकोडी, गाणी, नावांच्या आद्याक्षरांची वाक्यं यांचंही तसंच. त्यांनी नाव लक्षात राहतं, पण ती गोष्ट डोक्यात नेमकी कुठे असते हे त्यातून कळत नाही. या प्रकारांवर मी पुढे एक मिनिटही घालवलं नाही.

लहान मेंदूच्या त्या गोळीने मात्र मला एक वेगळा तास सुचवला. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीनुसार माणसाच्या मेंदूत सुमारे 8,600 कोटी चेतापेशी असतात. त्यातल्या सुमारे 6,900 कोटी एकट्या लहान मेंदूत आणि मोठ्या मेंदूच्या कॉर्टेक्समध्ये, म्हणजे बाहेरच्या थरात, सुमारे 1,600 कोटी. म्हणजे दहातल्या आठ चेतापेशी त्या शेवटी आठवण झाली म्हणून चिकटवलेल्या गोळीत! हे आकडे फळ्यावर लिहिले तेव्हा वर्ग एकदम गप्प झाला. "मग त्याला लहान का म्हणतात?" असं एकीने विचारलं. आकारावरून, एवढंच उत्तर.

टोपी

पुढचा उद्योग जास्त विचार करून आखला. पोहताना घालतात तशा रबरी टोप्या आणल्या. जोडीतल्या एकाने टोपी घालायची, दुसऱ्याने तिच्यावर मार्करने मेंदूचे लोब काढायचे. अट एकच, अंदाजाने काढायचं नाही, मोजून काढायचं.

मोजायची रीत ईईजीवाल्यांची, म्हणजे डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मेंदूतल्या विद्युत लहरी नोंदवणाऱ्यांची. 1958 साली हर्बर्ट जॅस्परने मांडलेली दहा-वीस पद्धत आजही जगभर वापरतात. नाकाच्या मुळाशी, दोन भुवयांच्या खाली जो खळगा लागतो तिथून टेप लावायची, डोक्यावरून मागे न्यायची आणि कवटीच्या मागच्या हाडाचा उंचवटा हाताला लागतो तिथे थांबायचं. या अंतराचे भाग पाडायचे दहा, वीस, वीस, वीस, वीस, दहा टक्क्यांचे. समजा अंतर 36 सेंटिमीटर आलं. पहिली खूण 3.6 सेंटिमीटरवर, मधली बरोबर 18 वर, शेवटची 32.4 वर. दोन्ही कानांपुढच्या खळग्यांमधलं अंतरही असंच डोक्यावरून मोजायचं. बिंदूंची बहुतेक अक्षरं लोबांवरून आलेली आहेत, डाव्या बाजूला विषम आकडे, उजवीकडे सम, मधल्या रेषेवर झेड. म्हणजे एका दगडात दोन पक्षी, मेंदूही कळला आणि पुढे ईईजीवरचा शोधनिबंध वाचताना लागणारी भाषाही आली.

या तासाला पहिल्यांदा मेंदू पानावरून उठून डोक्यात आला. मुलं एकमेकांची डोकी चाचपत होती, मागचा उंचवटा शोधत होती, काहींचा सापडत नव्हता म्हणून हसत होती. ऑक्सिपिटल लोब आपण समजतो तितका खाली मानेत नसतो, तो उंचवट्याच्या वर असतो आणि त्या उंचवट्याच्या खाली लहान मेंदू असतो, हे त्यांना हाताने कळलं. फ्राँटल लोब म्हणजे कपाळ नव्हे हेही कळलं. फ्राँटल आणि त्याच्या मागचा पॅरायटल यांची सीमा असलेली मधली खाच डोक्याच्या वर मध्यबिंदूच्याही जरा मागून निघते. फ्राँटल इतका मोठा आहे हे पाहून मुलं चकित झाली. आकृतीत तो तेवढाच मोठा होता, पण आकृतीतला आकार कोणी स्वतःच्या डोक्याशी ताडून पाहत नाही.

मग माझी चूक झाली. तास संपायला वीस मिनिटं होती आणि मी सहज म्हणाले, "आता प्रत्येक भागात त्याचं काम लिहा."

टोप्या परत आल्या तेव्हा त्यांवर लिहिलं होतं, राग, प्रेम, गणित, भाषा, स्वभाव, आठवणी. प्रत्येक शब्दाला कुंपण घातलेलं. टेबलावर ओळीने मांडलेल्या त्या टोप्या पाहून मला एकोणिसाव्या शतकातली चिनीमातीची डोकी आठवली. फ्रांझ जोसेफ गालच्या विचारातून निघालेल्या मस्तिष्कविद्येची ती डोकी, कवटीवर चौकोन आखून ठेवलेली, एकेका चौकोनात एकेक गुण. जी चूक शास्त्राने कधीच टाकून दिली ती माझ्या वर्गाने एका तासात पुन्हा करून दाखवली होती, आणि ती करायला मीच सांगितलं होतं.

मेंदू शिकवण्याच्या बहुतेक रंगीत, आकर्षक उपक्रमांत हा धोका दडलेला असतो, असं माझं मत आहे. एक रंग, एक भाग, एक काम. मुलं ते आनंदाने शिकतात, आणि डावा मेंदू तर्काचा, उजवा कलेचा असल्या गप्पांवर विश्वास ठेवायला अर्धी तयार होऊनच बाहेर पडतात. मुठीचं प्रसिद्ध मॉडेलही यातून सुटत नाही. अंगठा तळव्यात दुमडून वर बोटं मिटायची, मनगट म्हणजे कण्यातला मज्जारज्जू, अंगठा म्हणजे भावनांचा भाग, बोटं म्हणजे कॉर्टेक्स. हाताशी असलेलं, फुकटचं, झटकन समजणारं मॉडेल आहे, मीही ते दाखवते. पण त्यातून मनावर ठसतं ते तळघर, पहिला मजला, दुसरा मजला असं मेंदूचं चित्र. पॉल मॅक्लीनच्या तीनपदरी मेंदूची ती कल्पना, खाली सरपटणाऱ्या प्राण्याचा, मध्ये सस्तन प्राण्याचा, वर माणसाचा. उत्क्रांतीच्या अभ्यासकांना ती आज मान्य नाही. म्हणून मूठ दाखवायची ती जागा कळण्यासाठी, आणि लगेच सोडूनही द्यायची.

टोप्या मी फेकल्या नाहीत. पुढच्या तासाला मुलांसमोर ठेवल्या, गालची गोष्ट सांगितली आणि विचारलं, "यातली कुठली गोष्ट एकटा भाग करू शकतो?" तासभर वाद चालला. शेवटी "गणित" खोडलं गेलं, "प्रेम" खोडलं गेलं, "भाषा" या शब्दाला तीन बाण फुटले.

आतून बाहेर

क्ले पुन्हा आणला. या वेळी नियम उलटा होता, आतून बाहेर बांधत यायचं. आधी ब्रेनस्टेम, मेंदूला मज्जारज्जूशी जोडणारा देठ. त्याच्या डोक्यावर इंद्रियांचे निरोप पुढे पाठवणाऱ्या थॅलॅमसची दोन अंडी. खाली पुढच्या बाजूला हायपोथॅलॅमस. मग दोन्ही बाजूंना टेम्पोरल लोब जिथे येणार त्या जागी आडवा, वळलेला हिप्पोकॅम्पस आणि त्याच्या पुढच्या टोकाला अमिग्डाला. वर पांढऱ्या क्लेची कमान, दोन्ही अर्धगोलांना जोडणारा कॉर्पस कॅलोसम. सगळ्यात शेवटी कॉर्टेक्सचा पातळ पापुद्रा.

पापुद्रा खऱ्या अर्थाने पातळ, कारण कॉर्टेक्सची जाडी दोन ते चार मिलिमीटर. आणि तो किती मोठा, हे कागदाने दाखवलं. दोन्ही अर्धगोलांचा कॉर्टेक्स ताणून सपाट केला तर साधारण 2,000 ते 2,500 चौरस सेंटिमीटर भरतो. ए-फोर कागद 624 चौरस सेंटिमीटरचा. असे चार कागद चिकटवून, ते कवटीएवढ्या वाटीत बसवा म्हटलं की चुरगळण्यावाचून पर्याय राहत नाही. चुरगळलेल्या कागदाचा किती भाग वरून दिसतो ते पाहा, बाकीचा घड्यांत. मेंदूतही कॉर्टेक्सचा दोन तृतीयांश भाग खाचांमध्ये लपलेला असतो. पाच मिनिटांचा प्रयोग, पण त्यानंतर "वळ्या कशासाठी" हे कुणाला सांगावं लागलं नाही.

क्लेचे मेंदू तयार झाले आणि मग खरा तास सुरू झाला. प्रत्येक गटाला एक जाड दोरा दिला. मेंदू कापायचा. पण कापण्याआधी, दोरा जिथे लावणार तिथे आत काय दिसेल याचं चित्र वहीत काढायचं आणि त्यावर सही करायची.

एवढ्याशा अटीने सगळं बदललं. नुसतं कापून पाहिलं असतं तर "वा, छान" म्हणून मुलं पुढे गेली असती. सही केलेलं चित्र समोर असलं की चूक लपत नाही. कानाच्या पुढून उभा काप घेतला तर हिप्पोकॅम्पस दोनदा दिसेल, डावीकडे एक आणि उजवीकडे एक, हे बहुतेकांना आधी सुचलंच नव्हतं. बाजूने काढलेल्या आकृतीत तो एकच असतो ना! मधोमध उभा काप घेणाऱ्या गटाला हिप्पोकॅम्पस दिसलाच नाही आणि ते माझ्याकडे तक्रार घेऊन आले. "आम्ही बसवला होता, मॅडम. शपथ." त्यांना म्हटलं, मग तो कुठे असायला हवा की या कापात दिसणार नाही? एक मुलगी थोडा वेळ विचार करत राहिली, मग तिने हात उचलून कानाच्या किंचित वर बोट ठेवलं.

दिशांच्या नावांचा घोटाळाही इथेच सुटला. डॉर्सल म्हणजे पाठीकडचं, मग मेंदूत डॉर्सल म्हणजे वरचं कसं? एकाला चार पायांवर, म्हणजे हात-गुडघ्यांवर उभं केलं. प्राण्यासारखं समोर बघ म्हटलं. त्याची पाठ आणि डोक्याचा माथा एकाच दिशेला, छताकडे. आता उभा राहा, पण समोरच बघत राहा. पाठ मागे वळली, माथा वरच राहिला. माणूस उभा राहताना जो काटकोन झाला तो या शब्दांत अडकून पडला आहे. वर्ग हसून लोटपोट झाला, पण त्यानंतर डॉर्सल-व्हेंट्रलची चूक फारच कमी झाली.

लोकरीचे धागे

या सगळ्यांत मला सर्वात जास्त आवडलेला आणि सर्वात स्वस्त पडलेला उद्योग हा. डावा डोळा उजव्या मेंदूशी आणि उजवा डोळा डाव्या मेंदूशी जोडलेला असतो, असं वर्गातल्या जवळजवळ प्रत्येकाला वाटत होतं. मागच्या वर्गांनाही वाटायचं. फळ्यावर कितीही वेळा आकृती काढली तरी परीक्षेत हेच उत्तर येतं, कारण ते ऐकायला सोपं आहे.

खुर्च्या बाजूला सारल्या. पुढे दोन मुलं उभी केली, डावा डोळा आणि उजवा डोळा. मागच्या भिंतीशी दोघं, डावा ऑक्सिपिटल आणि उजवा ऑक्सिपिटल. मध्ये दोघं थॅलॅमसची. प्रत्येक डोळ्याच्या हातात दोन धागे, लाल आणि निळा. समोरच्या दृश्याचा डावा अर्धा भाग लाल, उजवा अर्धा निळा. नियम सांगितला, सगळे लाल धागे उजव्या ऑक्सिपिटलकडे पोचले पाहिजेत आणि सगळे निळे डाव्याकडे. कसे न्यायचे ते तुम्ही ठरवा.

थोडा गोंधळ झाला, मग मुलांनीच शोधून काढलं की डाव्या डोळ्याचा लाल धागा पलीकडे न्यावा लागतो आणि निळा सरळ आपल्याच बाजूने जातो. उजव्या डोळ्याचं बरोबर उलट. प्रत्येक डोळ्यातून एकच धागा ओलांडतो, दोन्ही नाही. जिथे ते दोन धागे एकमेकांना छेदत होते तिथे मी एका मुलीला उभं केलं. ती झाली ऑप्टिक कायाझम, दृष्टीचेतांचा चौक.

आता कात्री.

डाव्या डोळ्यामागचे दोन्ही धागे कापले. काय दिसेनासं झालं? डावा डोळा गेला, उत्तर सगळ्यांना आलं. गाठ मारून पुन्हा जोडलं. आता चौकाच्या मागे, उजवीकडे जाणारे दोन्ही लाल धागे कापले. थोडी शांतता. मग एकजण म्हणाला, "दोन्ही डोळे चालू आहेत, पण दोघांनाही डावीकडचं दिसत नाही." बरोबर. पुन्हा जोडलं आणि शेवटी चौकातच, मधोमध कात्री चालवली. ओलांडणारे दोनच धागे तुटले, डाव्या डोळ्याचा लाल आणि उजव्या डोळ्याचा निळा. म्हणजे डाव्या डोळ्याला डावीकडची बाजू गेली, उजव्याला उजवीकडची. घोड्याच्या डोळ्यांना झापडं लावतात तसं झालं. कायाझमच्या अगदी खाली पिट्युटरी ग्रंथी असते आणि तिच्यावर गाठ वाढली तर ती इथेच दाबते, म्हणून अशा रुग्णाला दोन्ही बाहेरच्या कडा दिसेनाशा होऊ शकतात. हे मी सांगितलं तेव्हा मागून आवाज आला, "म्हणजे चष्म्याचा नंबर बदलून काही होणार नाही."

त्याच धाग्यांवर मी स्प्लिट-ब्रेनचे, म्हणजे कॉर्पस कॅलोसम कापलेल्या रुग्णांवरचे, प्रयोग बसवले. दोन्ही ऑक्सिपिटलांच्या मध्ये एक जाड दोर बांधला, कॉर्पस कॅलोसम. डाव्या ऑक्सिपिटलच्या शेजारी बोलणारा एक मुलगा उभा केला, कारण बहुतेक माणसांत बोलण्याची यंत्रणा डावीकडे असते. उजव्याच्या शेजारी एक मुलगी, जिला फक्त डाव्या हाताने वस्तू उचलायची परवानगी. दोर जोडलेला असताना डावीकडच्या दृश्यात "किल्ली" लिहिलेली चिठ्ठी दाखवली, उजवीकडून डावीकडे निरोप गेला, मुलगा म्हणाला, "किल्ली." दोर कापला. पुन्हा चिठ्ठी. मुलगा म्हणाला, "मला काहीच दिसलं नाही." आणि त्याच क्षणी मुलीने टेबलावरून किल्ली उचलली.

रॉजर स्पेरीने मायकल गॅझानिगासोबत 1960च्या दशकात अशाच रुग्णांवर प्रयोग केले. स्पेरीला 1981 साली नोबेल मिळालं. पाठ्यपुस्तकात हा उतारा मुलं जादूच्या गोष्टीसारखा वाचतात. दोरा कापणाऱ्या मुलीने तास संपल्यावर येऊन विचारलं, "पण तो माणूस डोळे हलवू शकतो ना? मग दोन्ही बाजूंना दिसेल." हाच प्रश्न हवा होता. म्हणूनच चित्र सेकंदाचा अगदी लहान अंश दाखवतात आणि नजर मधल्या बिंदूवर ठेवायला सांगतात. प्रयोगाची रचना तिने रचनाशास्त्रातून शोधून काढली.

सळई आणि तारा

13 सप्टेंबर 1848, व्हर्माँट. रेल्वेमार्गासाठी सुरुंग भरताना फिनीअस गेजच्या डोक्यातून सुमारे 109 सेंटिमीटर लांबीची, सहा किलो वजनाची लोखंडी सळई आरपार गेली. ही गोष्ट मानसशास्त्राच्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते आणि ती एका वाक्यात संपते, फ्राँटल लोब गेला, स्वभाव बदलला.

मी गोष्ट सांगितली नाही. लाकडी काडी दिली आणि मार्ग सांगितला. डाव्या गालाच्या हाडाखालून आत, डोळ्याच्या मागून वर, कवटीच्या पुढच्या भागातून माथ्यावर बाहेर. कापलेल्या क्लेच्या मेंदूचे तुकडे जोडा, त्यातून काडी घाला आणि मला सांगा, या माणसाचं काय बिघडणार *नाही*.

हा प्रश्न उलटा आहे म्हणून अवघड आहे. काडी मधल्या खाचेच्या, आणि तिला लागून असलेल्या हालचालींच्या पट्टीच्याही, बरीच पुढून गेली, म्हणजे हातपाय चालणार. ऑक्सिपिटल मागे सुरक्षित. हिप्पोकॅम्पस वाचला. बोलण्याबद्दल गटागटांत भांडणं झाली, कारण काडी बोलण्याशी जोडलेल्या ब्रोकाच्या भागाच्या किती जवळून गेली यावर एकमत होईना. गेज अपघातानंतर काही मिनिटांतच बोलत होता, हे मी शेवटी सांगितलं. त्याच्या डॉक्टरांनी, जॉन हार्लोने, स्वभावातला बदल नोंदवला हे खरं. पण पुढे गेजने चिलीमध्ये काही वर्षं घोडागाडी हाकली हेही खरं, आणि ते सहसा कुणी सांगत नाही. अनेक घोड्यांची गाडी हाकणाऱ्याला बेत आखता येत नाहीत, असं म्हणणं जड जातं. टोपीवर "स्वभाव" लिहिणाऱ्या गटाने तो शब्द इथे स्वतःहून खोडला.

एच. एम. म्हणून ओळखल्या गेलेल्या हेन्री मोलेसनसाठी आरसा लागला. 1953 साली अपस्मार थांबवण्यासाठी त्याच्या दोन्ही बाजूंचे हिप्पोकॅम्पस बऱ्याच अंशी, शेजारच्या भागांसकट, काढून टाकले गेले आणि नव्या आठवणी साठणं थांबलं. मुलांना कागदावरची चांदणी आरशात बघून गिरवायला लावली. पहिल्या खेपेला पेन्सिल भलतीकडे पळते, पाचव्याला बरी चालते. ब्रेंडा मिल्नरने हेच एच. एम.कडून तीन दिवस करून घेतलं, तो रोज सुधारत गेला आणि आपण हे आधी केलं आहे याची त्याला आठवण नव्हती. मग क्लेच्या मेंदूतून दोन्ही हिप्पोकॅम्पस चिमट्याने काढले आणि उरलेल्या मेंदूकडे बोट दाखवून विचारलं, सुधारणा कुठे साठली? उत्तर एका शब्दात येत नाही, आणि येऊ नये.

कार्डं

शेवटच्या टप्प्यात नावं देण्याची चाचणी बंद केली. त्याऐवजी रुग्णांची कार्डं दिली. एक कार्ड असं, "शब्द अडखळत, तुटक येतात. समोरच्याचं बोलणं बऱ्यापैकी कळतं. कोणता भाग?"

वर्षाच्या सुरुवातीला याचं उत्तर एका दमात आलं असतं, ब्रोका. 1861 साली पॉल ब्रोकाने ज्या रुग्णावरून हा भाग दाखवला तो जवळजवळ फक्त "तान" एवढाच उच्चार करू शकत होता, हेही कोणी जोडलं असतं. या वेळी एका गटाने उत्तर लिहिण्याआधी हात वर केला. "मॅडम, उजवा हात दुबळा आहे का?"

त्या कार्डावर हात नव्हता. मी विचारलं, हाताचं काय? ते म्हणाले, ब्रोकाचा भाग हालचालींच्या पट्टीला लागूनच पुढे आहे, त्याच्या शेजारी चेहरा आणि हात. रक्तवाहिनी तुंबली असेल तर दोन्हींना झळ बसेल. हात ठीक असेल तर इजा लहान आहे किंवा आम्ही चुकतोय.

असे प्रश्न सगळ्यांनी विचारले नाहीत. काही गट अजूनही भागाचं नाव लिहून मोकळे होत होते. शेवटी मी तोच पहिला प्रश्न पुन्हा विचारला. बोटं बहुतेक कानांच्या वर गेली, काही अजूनही कपाळावर होती. गैरहजेरीची वही पाहिली तर कपाळवाल्यांपैकी बरेचजण दोऱ्याच्या तासाला आले नव्हते. यावरून काही सिद्ध होत नाही. जे तासाला येत नाहीत ते इतर ठिकाणीही कमी पडतात. पण नोंद करून ठेवली आहे.

वेळेचा हिशेबही द्यायला हवा. या सगळ्याला ठरलेल्यापेक्षा चार तास जास्त गेले आणि ते संप्रेरकांच्या प्रकरणातून कापावे लागले. पुन्हा केलं तर क्लेचा पहिला दिवस आणि टोपीवर कामं लिहिणं वगळेन, धाग्यांचा तास सगळ्यात आधी घेईन.

आणि एक गोष्ट घालावी लागेल. शेवटच्या दिवशी खऱ्या माणसाच्या एमआरआयचा उभा काप पडद्यावर दाखवला आणि आपापले क्लेचे काप त्याच्याशी ताडून पाहायला सांगितलं. एक मुलगा पडद्याजवळ गेला. फ्राँटल आणि टेम्पोरलच्या मधल्या खोल खाचेच्या तळाशी त्याने बोट ठेवलं. "हे आतलं कॉर्टेक्स कुठल्या लोबाचं? आमच्या मेंदूत हे नाहीये."

तो इन्सुला होता. आतून बाहेर बांधायच्या माझ्या यादीत तो नव्हताच, म्हणून वर्गातल्या एकाही मेंदूत तो नव्हता.